गॅलरीतला चौक

गोदा सकाळी उठल्यावर कुणाशी बोलत नाही. रुसलेली नसते, आजारी नसते, मौनव्रताचं तर नावच काढू नका. झोपेत जे दिसलं ते कागदावर उतरलं की मगच तोंड उघडायचं, एवढंच. आधी बोललं तर सगळं जिभेवरून ओघळून जातं, असं तिचं म्हणणं. दूधवाल्यालासुद्धा हे ठाऊक आहे. तो पिशवी दाराला अडकवतो आणि बेल न वाजवता जातो.

मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांचा मोर्चा होता, बायका गोळा करायच्या होत्या. मी बिल्डिंगच्या खालून हाका मारतेय आणि ही बया दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मला दिसतेय, हातात ब्रश, मान खाली. वळून बघायला तयार नाही! मग मी काय गप्प बसणार? जे बोलायचं ते खालूनच बोलले. अर्धी बिल्डिंग खिडकीत आली. शेवटी तिचा नवरा भरत वरून वाकला आणि म्हणाला, "लीडर, जरा दम धर. तिचं पान सुकू दे."

त्या दिवसापासून मी लीडर. अजूनही भरत दार उघडताना आत ओरडतो, "आली लीडर, चहा टाक."

गोदा मूळची गव्हाणची. लग्न होऊन आली आणि पुढे विचुंब्यातल्या या बिल्डिंगमध्ये राहायला लागली. हॉल, बेडरूम, किचन आणि एक गॅलरी. भरत कंटेनर यार्डात चेकर आहे. मुलगा अंकुश न्हावा शेव्याच्या एका क्लिअरिंग एजंटकडे कामाला. गोदा शाळेत किती शिकली ते मी विचारलं नाही, तिनंही मला विचारलं नाही. दोघींचं बरं चाललंय.

गॅलरीत तिचं एक टेबल होतं. टेबल म्हणजे, मुलाच्या अभ्यासाचं जुनं, एका पायाखाली पुठ्ठा घातलेलं. त्यावर चित्रांची वही, आणि भोवती दुसऱ्या कुणाच्या घरात केराच्या डब्यात गेलं असतं असं सामान. वाळवून चाळलेला खाडीचा चिखल बरणीत. हळद, काजळी, उकळून आटवलेलं चहाचं पाणी. भरत डब्यातून घेऊन येतो ती कंटेनरच्या गंजाची पूड. जिताड्याचे धुतलेले खवले, फाटक्या लुगड्यांचे काठ, जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे. आणि एका वाटीत कायम भिजत घातलेला बाभळीचा डिंक. रंगवायचं, चिकटवायचं, वर पुन्हा रंगवायचं. एक पान रोज. ताप असला तरी.

ती स्वप्नात बघते ते मला तरी कधी दिसलेलं नाही. मला स्वप्नात तहसीलदार दिसतात. तिच्या एका पानावर कंटेनर खाडीवर तरंगतायत आणि त्यांच्या दारांतून भाताची रोपं बाहेर आलीत. एका पानावर विमान उतरलंय ते चिखलात, बगळ्यासारखं एक पाय पोटाशी घेऊन. एका पानावर नुसतं पाणी आहे. पहाटेचं, दुधाळ, आणि त्यात तळाशी एक घर, घराच्या खिडकीत दिवा. ते पान सोडून मी पुढचं उलटेचना. भरतने विचारलं, "लीडर, बरी हायस ना?"

एकदा मी तिला मोर्चाचे बोर्ड रंगवायला दिले. घोषणा लिहायची सोडून एका बोर्डावर तिनं अख्खा बगळा काढला, पंखांना खवले चिकटवलेले, उन्हात लखलखणारे. दुसऱ्या दिवशी पेपरात नेमका तोच बोर्ड आणि खाली ओळ : पक्षीप्रेमींचा मोर्चा. मी पेपर घेऊन तरातरा तिच्या घरी.

"हे काय आहे?"

"बगला हाय," गोदा म्हणाली. "बरा आलाय ना?"

अशा बाईशी भांडून काय उपयोग?

तर गेल्या हिवाळ्यात अंकुशचं लग्न ठरलं. मुलगी संजना, खारघरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करणारी. सकाळची शिफ्ट. हसरी, चटचटीत पोरगी, मला पहिल्याच भेटीत म्हणाली, "मावशी, तुमचा आवाज मी लिफ्टमधूनच ओळखला." मला आवडली.

घरातली मांडामांड ठरली. बेडरूम नव्या जोडप्याला. गोदा आणि भरत हॉलमध्ये. आणि संजनाच्या मामाने भाचीला कपडे धुवायचं मशीन दिलं, मोठं, पुढून दार उघडणारं. बाथरूममध्ये मावेना, किचनमध्ये मावेना. नळ आणि पाणी जायची वाट दोन्ही होतं ते गॅलरीत. मग टेबल?

"आई, टेबल आपण टेरेसच्या खोलीत ठेवू या," अंकुश म्हणाला. "तू काय, कुठेही बसून काढशील ना गं."

गोदा हो म्हणाली. मी तिथेच होते. मी तिच्याकडे बघत होते आणि ती वाटीतला डिंक बोटाने ढवळत होती. त्या घरात गॅलरी ही एकच जागा अशी, जिथे पहाटे तिच्या अंगावरून कुणी जात नाही, टीव्ही नाही, झोपलेल्या माणसाने कूस बदलल्याचा आवाज नाही. ती जागा गेली तर पानं जाणार, हे तिला कळत होतं आणि मलाही. बाकी कुणाला कळत नव्हतं, कारण तिनं सांगितलंच नाही.

खाली उतरताना मी तिला जिन्यात गाठलं. "गोदे, हे भूसंपादन आहे. सरळ सरळ. नोटीस नाही, मोबदला नाही. हरकत घे."

"पमे, पोराचं लगीन हाय. तुजा गला जरा खाली ठेव."

लग्नाच्या आधी गव्हाणहून कमळाबाई आली. ती गोदाची मावशी आणि धवलारीण. आमच्या आगरी लग्नात धवले गाणारी ही बाई बसल्याशिवाय काही हलत नाही. देवापुढचा चौकही तीच घालते, तांदळाच्या पिठाचा. कोरडं पीठ, चिमटीतून सोडायचं. चार कोपरे, आत सूर्य, चंद्र, फणी, शिडी. त्यावर देवाचा घट बसतो. कमळाबाईच्या वळणाची रीत अशी की लग्न उरकलं की ज्या हाताने चौक घातला त्याच हाताने तो मोडायचा. झाडू लावायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा तर मुळीच नाही. पीठ हाताने सुपात गोळा करायचं आणि खाडीला द्यायचं. तोवर चौकावर कुणी पाय टाकायचा नाही आणि नव्या नवरीने चुलीला हात लावायचा नाही.

आता कमळाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालेत, चिमूट थरथरते. "गोदे, या येलेला तू घाल. मी सांगते," ती म्हणाली. घालायचा कुठे? हॉलमध्ये पाहुण्यांच्या गाद्या, किचनमध्ये पातेली. "गॅलरीत घाल. तिकरं पायदल नाय."

टेबल त्याच दुपारी वर गेलं; वही, बरण्या आणि डिंकाची वाटी तेवढी खाली राहिली. मोकळ्या गॅलरीत गोदा उकिडवी बसली आणि चौक घालायला लागली. पण गॅलरी तिसऱ्या माणसासारखी मध्ये बोलणारी. खाडीकडून वारा आला की एक कोपरा गायब. पुन्हा घातला, पुन्हा गायब. लग्न दुसऱ्या दिवशी. आणि मग गोदाच्या हाताने तेच केलं जे तो हात वर्षानुवर्षं रोज सकाळी करत आलाय. वाटीतला डिंक पिठात कालवला.

मी तो चौक पाहिलाय. काय सांगू! ओलसर पांढरी रेघ, कुठे जाड, कुठे केसासारखी. फरशी काळपट, तिच्यावर तो चौक असा, जणू खालून वर आलाय, कुणी घातलेलाच नाही. त्या दिवशी तिनं वहीत पान काढलं नाही. तिचं सगळं तिथेच गेलं होतं.

लग्न झालं. डीजेने पार्किंगमधल्या गाड्यांचे हॉर्न वाजवले, मी हळदीला नाचले, तो विषय वेगळा. वरात आली, घट हलवला, आणि कमळाबाईला हाताला धरून गॅलरीशी आणलं. गोदा सूप घेऊन वाकली. हात फिरवला. काही हललं नाही. पुन्हा फिरवला, नख लावलं.

कमळाबाईने खाली बसून स्वतः चाचपलं. मग मान वर केली. "गोदे, यो चौक हाय का लादी?"

"मावशे, वारा होता. मी डिंक घातला."

हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. कमळाबाई हसली नाही. "माजी आय गेली, तिची आय गेली. आजपोत कोनी चौक चिकटवला नाय. आता यो मोडंपोत लगीन उरकलं नाय समज."

अंकुश म्हणाला, "आजी, खरवडून काढू ना, पाच मिनिटांचं काम आहे."

"पत्र्यानं खरवडशील? देवाचा चौक? जा, तुज्या हापिसात खरवड."

मशीन जिन्यासमोर खोक्यात उभं होतं, तसंच उभं राहिलं. चौकावर पाय टाकायचा नाही, म्हणजे मशीन आत न्यायचं नाही. मी ही बातमी ऐकली आणि हसत हसत विचुंब्याची रिक्षा पकडली. गोदा किचनच्या ओट्याशी पालेभाजी निवडत होती. मी तिच्या कानाशी तोंड नेलं.

"वा गं वा! मी आयुष्यभर ताबा ताबा म्हणून ओरडतेय आणि तू पिठाने घेतलास! आता काढू नकोस. राहू दे तसाच. रीत आहे ना? मग रीत त्यांच्याच गळ्यात. थोड्या दिवसांत अंकुश मशीनला दुसरी जागा शोधेल आणि तुझं टेबल खाली येईल."

गोदाने माझ्याकडे बघितलं. नाही म्हणाली नाही. मला तेव्हा वाटलं, जिंकलो.

तिलाही वाटलं असणार. पुढचे काही दिवस कुणी विचारलं की ती म्हणायची, "बगते, काय तरी उपाय काढते," आणि काढायची नाही. पहाटे उठून गॅलरीच्या उंबऱ्यावर बसायची, वही मांडीवर. समोर चौक, चौकापलीकडे गज, गजांपलीकडे धुकं आणि त्यात हळूहळू उतरणारे विमानाचे दिवे. ब्रश ओला करायची. पण पान कोरंच. तिनं मला नंतर सांगितलं, स्वप्नं पडत होती, पण सगळी पांढरी. पांढऱ्यावर पांढरं. दार दिसायचं, उघडायला जावं तर ते पिठाचं.

आणि संजना? ती बिचारी सासरी येऊन पाहुणी झाली होती. चुलीला हात लावायचा नाही. रजा सुरू, सगळे कामावर, ही सोफ्याच्या कडेला मोबाइल घेऊन. मागितला तर चहा मिळायचा, पण स्वतःच्या घरात चहा मागायला कितीदा तोंड उघडणार? कपड्यांचं गाठोडं बेडरूममध्ये साठत होतं. आईला फोनवर म्हणाली, "नाही गं, सगळं छान आहे." हे मी ऐकलं. गोदानेही ऐकलं.

एका सकाळी गोदा उंबऱ्यावर बसली होती आणि मागे पावलं वाजली. संजना किचनच्या ओट्याशी उभी. तिला वाटलं कुणी बघत नाहीये. तिनं चहाच्या पातेल्याकडे हात नेला, अगदी जवळ, आणि मागे घेतला. मग ओट्यावर पाण्याचा एक थेंब होता, तो बोटाने लांब ओढत राहिली. थेंबाची रेघ, रेघेचं वेटोळं.

गोदा उठली. अजून कुणाशी बोललेली नव्हती, पान झालेलं नव्हतं, तरी बोलली. तिच्या आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच.

"मावशीला फोन लाव," ती संजनाला म्हणाली.

कमळाबाईने फोनवर आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "फडक्यानं पुसू नको. चौक खाडीला जाईत नसंल तं खाडी घरी आन."

संध्याकाळी भरत यार्डातून येताना गव्हाणच्या धक्क्यावर उतरला आणि खाडीच्या पाण्याने कॅन भरून घेऊन आला. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. मी गेले ती तडकलेलीच. "सोडतेस? हातात आलेली जागा सोडतेस? अगं, तुझ्यासारख्या बायकांमुळेच—"

"पमे, कागद धर."

तिनं वहीतली कोरी पानं फाडून काढली होती, एकेक करून. खाडीच्या पाण्यात बुडवायची, निथळवायची आणि चौकावर पसरायची. तळव्याने हळूहळू दाबायची, जसं तान्ह्या पोराला थोपटतात. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला संजना. संजनाला कुणी सांगितलं नव्हतं, ती आपली बांगड्या मागे सारून बसली. मी उंबऱ्यावर, कागद देत. घरात खाडीचा वास भरला. चिखल, मीठ, कुजलेल्या पानांचा. मला माझं लहानपण आठवलं, पण ते जाऊ दे.

"थांबायचं," गोदा म्हणाली. "डिंकाला पानी आठवाला टाइम लागतो."

आम्ही थांबलो. ऊन गजांतून आत आलं आणि ओल्या कागदांवर आडवं पडलं. कुणी बोललं नाही. मीसुद्धा नाही, याची नोंद घ्यावी. मग गोदाने एक कोपरा उचलला, आणि चंद्र वर आला. अख्खा. फरशी सोडून कागदाला चिकटून, उलटा. संजनाच्या तोंडातून नुसता श्वास निघाला. फणी आली, शिडी आली, सूर्याचे अर्धे किरण आले आणि अर्धे राहिले, त्यासाठी दुसरा कागद. खाली फरशी काळी, स्वच्छ, ओली.

अशी चित्रं मी कुठल्या मोठ्या दालनात पाहिलेली नाहीत. मी म्हटलं, "गोदे, एक ठेव. एकच. त्या चंद्राचा."

तिनं चंद्राचा कागद हातात घेतला. उन्हात धरला. पलीकडून तिचा चेहरा दिसत होता, पांढऱ्या रेघांच्या आत. मला वाटलं, ठेवते आता.

"नाय," ती म्हणाली. "एक र्‍हायला तं चौक मोडला नाय. पोरगी अर्धीच घरात आली."

दुपारी रिक्षाने आम्ही तिघी गव्हाणला. कमळाबाई धक्क्यावर काठी टेकून बसली होती. भरती चढत होती. गोदाने एकेक कागद पाण्यावर ठेवला, पसरून, घाईने नाही. ते लगेच बुडाले नाहीत. तिवरांच्या मुळांकडे सरकत गेले, सूर्य पुढे, शिडी मागे, चंद्र जरा बाजूला, स्वतःभोवती फिरत. पीठ हळूहळू सुटलं आणि प्रत्येक कागदाच्या भोवती पाणी दुधाळ झालं. लांबवर न्हावा शेव्याच्या क्रेन उभ्या होत्या, मान वाकवून, त्याही बघतायत असं वाटावं. कमळाबाईला दिसत नव्हतं. ती विचारत होती, "गेला का?" आणि गोदा म्हणत होती, "चाललाय मावशे. चाललाय."

घरी आल्यावर संजनाने चहा केला. गोडमिट्ट. भरत दोन कप प्यायला.

आणि मशीन आत आलं. त्याच संध्याकाळी, अंकुश आणि प्लंबरने ढकलत आणलं. गॅलरी भरली. एका माणसाला उभं राहण्यापुरती फट उरली, तीही अंग चोरून. टेबल टेरेसच्या खोलीतून खाली आलं नाही. मी अंकुशला जे बोलायचं ते जिन्यात बोलले. गोदाला हे कळलं, तेव्हा ती म्हणाली, "त्याला नको ओरडू. मी सोडली ती जागा. त्यानं घेतली नाय." मग पालेभाजीची जुडी सोडत हळूच म्हणाली, "पन लय वाईट वाटतं गं पमे."

मी तिच्या हातातली अर्धी जुडी घेतली आणि निवडायला लागले.

परवा मला पनवेल कोर्टात लवकर जायचं होतं, वाटेत तिच्याकडे कागद द्यायचे होते. दार भरतने उघडलं, तोंडावर बोट ठेवून. मी आत गेले. गोदा गॅलरीच्या फटीत उभी होती. मशीनच्या पाठीवर वही उघडी, शेजारी चिखलाची बरणी, गंज, डिंक. गंजाच्या रंगाची एक लांब रेघ ती ओढत होती, पानाच्या या कडेपासून, पाण्याची की रस्त्याची ते कळत नव्हतं.

आणि उंबऱ्यावर बसलेली संजना. युनिफॉर्म घातलेला, बगलेत बादली, बादलीत कपडे. बसची वेळ झालेली, ती सारखी घड्याळाकडे बघत होती. पण बोलत नव्हती. मग तिनं बसल्या बसल्याच मशीनचं दार उघडलं, एकेक कपडा आत सारला, अजिबात आवाज न करता. सासूचा पदर मशीनच्या दारात येत होता, तो बाजूला केला. गोदाने वर पाहिलं नाही. संजनाने तिच्याकडे बघितलं, एक क्षण थांबली, आणि बटण दाबलं.

आत पाणी भरायला लागलं. मग मशीन घुमलं, बरण्या किणकिणल्या, वही थरथरली आणि ती लांब रेघ वाकडीतिकडी होऊन लाटेसारखी पुढे निघाली. मी पुढे होऊन काहीतरी बोलणारच होते. गोदाने ब्रश उचलला नाही. हात सैल सोडला आणि रेघेला हवी तिकडे जाऊ दिली, पानाच्या कडेपर्यंत.